वारुळाचा वाटा

बिडकीनच्या शिवारात, पैठण रस्त्यापासून थोडं आत, दोन भावांच्या मध्ये एक बांध आहे. माय होती तोवर तिथं सलग रान होतं. ती गेली, वाटण्या झाल्या आणि मोजणीची खूण नेमकी वारुळाजवळ आली.

ते वारूळ मायचं. आषाढात दोन दिवस उकडून रात्री आभाळ गडगडलं की सकाळी ती पाटी घेऊन निघायची. गडगडाटानं अळंबी फुटते, हा तिचा पक्का विश्वास. मेघदूत तिच्या कानावर कधी पडलं नसणार. पण पूर्वमेघात यक्षही मेघाला हेच सांगतो, की तुझ्या गर्जनेनं भुईतून शिलींध्रं वर येतात आणि धरती पिकणार हे कळतं. शिलींध्र म्हणजे कंदलीचं फूल, असाही अर्थ लावला गेला आहे. मला मात्र त्या ओळीत भूछत्रच दिसतं. काल काही नव्हतं आणि आज आहे, असं ज्यानं सकाळी रानात पाहिलंय त्याला दुसरं काय दिसणार?

माय छत्र्या जमिनीलगत बोटांनी मोडून घ्यायची. पुरत्या उमललेल्या चार-सहा तशाच ठेवायची. थोरल्या सुनेला बजावायची, "खाली कुदळ लावू नको, बाई. खाली घर आहे."

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी बिडकीनची रानं बांधांसकट गेली आणि उरलेल्या वितीवितीला भाव आला. थोरला दरसाली ट्रॅक्टरनं एकेक तास बांध कोरायचा. धाकटा बोलायचा नाही, आतून जळायचा. त्यात अळंबी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. एका सकाळी ती सगळी थोरल्याच्या बाजूला उगवली, तेव्हा धाकट्यानं ठरवलं, हे मुळासकट उचलून आपल्या रानात न्यायचं.

त्यानं एका छत्रीच्या कडेनं खोदायला घेतलं. बोटाएवढा देठ खाली निमुळता झाला, काळपट दोरीसारखा होत हातभर आत गेला तरी संपेना. मग माती ढासळली. आत नारळाएवढी पोकळी आणि तिच्यात मधाच्या पोळ्यासारखा, सुरकुत्या पडलेला तपकिरी गोळा. गोळ्यावर खसखशीएवढे पांढरे मणी. वाळव्या सैरावैरा धावत होत्या.

धाकट्याला ठाऊक नव्हतं, पण ते वाळवीचं शेत होतं. वाळवी पाचोळा-लाकूड चावून आणते, विष्ठेतून तो गोळा रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. काडीकचऱ्याचं अन्न करते ती बुरशी. वाळवी ते खाते. पावसाळ्यात तीच बुरशी छत्री होऊन वर येते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी 1942 मध्ये या अळंबीला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं, वाळवीचंच. सुमारे 3 कोटी वर्षांची ही भागीदारी. रानात दोघांपैकी एकाचं दुसऱ्यावाचून भागत नाही.

धाकट्यानं सापडले तेवढे गोळे घमेल्यात भरले, आपल्या रानाच्या कोपऱ्यात शेणखतात पुरले, मोटर लावून पाणी दिलं. वाळवी नसली की त्या गोळ्यावर दुसरीच बुरशी चढते. आठवड्यात ते काळे पडले. पुढच्या आषाढात वारुळावर काहीच उगवलं नाही. त्याच्या पुढच्या आषाढातही नाही.

आणि मग त्या शेणखतावर ताटलीएवढ्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या आल्या. धाकट्याच्या अंगात आनंद मावेना. बायकोनं कांदा चिरला, चूल पेटवली. तीन वर्षं त्या दारात पाऊल न टाकलेली थोरली वहिनी तेवढ्यात बांध ओलांडून आली. तिनं पाटीतली एक छत्री उलटी केली. खालच्या पाकळ्यांवर हिरवट झाक होती, देठाला कडं होतं आणि बुडाशी जाड गाठ. दोरी नव्हतीच.

"भाऊजी, याच्या खाली घर कुठंय?"

धाकटा काही बोलला नाही. तिनं पाटी उचलली आणि उकिरड्यात नेऊन पुरली.

इथं मला थांबून सांगावंसं वाटतं. चांदीचा रुपया काळा पडतो, लसूण निळा होतो, किड्यानं खाल्लं म्हणजे चालतं, या परीक्षांवर जीव टाकू नये. काही भूछत्रांचं विष उकळूनही जात नाही आणि पहिली उलटी होईपर्यंत अर्धा दिवस उलटलेला असतो. तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. ती हिरवट छत्री त्या जातीची नव्हती, पण घरभर ओकाऱ्या-जुलाब लावायला पुरेशी होती. आणि वहिनीला जे कळलं, ते सासूच्या मागं वीस आषाढ चालून कळलं होतं.

"आत्याबाई असत्या तर कान धरला असता तुमचा," एवढंच म्हणून ती परत निघाली. बांधावर मात्र ती थांबली, खोदलेल्या खड्ड्यात दोन ओंजळी पाचोळा टाकला आणि वरून माती ओढली.

पुढच्या मृगात धाकट्याची तिफण वारुळापासून दोन हात लांबून वळली. सरळ ओळींत तेवढाच एक बाक. दोन दिवसांनी थोरल्याचा ट्रॅक्टर तिथवर आला. तो खाली उतरला, बराच वेळ त्या वाकलेल्या ओळींकडं बघत उभा राहिला. मग परत चढला, रोटाव्हेटर वर उचलला आणि ट्रॅक्टर मागं घेतला.