गोतावळ्याचं निमित्त

सावली गावातल्या एखाद्या घरी नागपूर-पुण्याचे पाहुणे जमायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, "मग ताडोबा कधी?" इथूनच खरी कसोटी सुरू होते. एका जिप्सीत पर्यटक सहाच. तीस जणांचा गोतावळा म्हणजे पाच जिप्स्या. कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातली सफारी मंगळवारी बंद, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर क्षेत्रच बंद. तारीख, आरक्षण, प्रत्येकाचं ओळखपत्र हे सगळं आधीच बघावं लागतं.

पण जंगलात बोलायचं नसतं, आणि माणसं तर बोलायलाच जमलेली असतात. म्हणून सकाळ वाघासाठी ठेवली, तर संध्याकाळ मोकळी सोडा. गुडघे दुखणाऱ्या आजीला जिप्सीत चढवायचा हट्ट नको. तिच्याजवळ कोण थांबणार तेही आधीच ठरवा.

गोतावळा जमवून निवांत बोलायची कला आपल्या झाडीपट्टीला पूर्वीपासूनच अवगत आहे. धानाची कापणी उरकते, गावात मंडईचं, म्हणजे गावच्या जत्रेचं नाटक ठरतं आणि घरोघरी निरोप जातात. लेकी-जावई, सोयरे, व्याही येतात. चुलीवर भाताचा गंज चढतो, अंगणात सतरंज्या पडतात. नाटक रात्रभर चालतं; पण सोयरिकीच्या गोष्टी आणि रुसवे-फुगवे काढणं, हे सारं त्याआधी अंगणातच होतं.

वाघ दिसणं नशिबाचा भाग आहे. भेटीसाठी वेळ राखणं मात्र आपल्या हातात आहे. यंदाच्या बेतात तेवढी एक मोकळी संध्याकाळ आधी लिहा, बाकीचं मग.