ओंजळ आणि पिशवी

डहाणूच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात वसंत ऋतू हिरवा नसतो. गवत वाळून पिवळे पडलेले असते, सागाची पाने गळून गेलेली असतात आणि त्या उघड्याबोडक्या उतारांवर पळस, पांगारा, काटेसावर पालवीची वाट न पाहता फुलतात. प्रायश्चित्तकाळात आम्ही वेदीवर फुले ठेवीत नाही. बाहेर निसर्ग मात्र हा नियम मुळीच जुमानीत नाही.

अशा दिवसांत, परीक्षा आटोपून, माझा भाचा व भाची वसईहून चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. पहाटेची मिस्सा झाल्यावर आम्ही डोंगराची वाट धरली. मुलांना घेऊन चालण्यात एक निराळे सुख आहे. आपल्याला पाठ झालेला डोंगर त्यांच्या प्रश्नांनी पुन्हा नवा होतो.

अर्ध्या चढावर मोहाचे एक मोठे झाड लागते. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ती फिकट पिवळी, गरदार, द्राक्षासारखी रसाने भरलेली असतात. भाच्याने एक तोंडात टाकले, मग ओंजळभर घेतली. तेवढ्यावर न थांबता पावाची रिकामी पिशवी काढून तो भराभर वेचू लागला. घरी सर्वांना दाखवायचे, एवढाच त्याचा हेतू होता.

त्या झाडाखालची जमीन स्वच्छ झाडलेली होती. कडेला जाळलेल्या पाचोळ्याची राख होती. गळलेले फूल नजरेस पडावे म्हणून कोणीतरी ही मेहनत आधीच करून ठेवली होती. मुलांना ती खूण वाचता येत नव्हती. मला येत होती, तरीही मी बोललो नाही. सकाळ सुंदर होती, मुले आनंदात होती. त्या आनंदात विघ्न आणण्याचे माझ्या जिवावर आले.

थोड्या वेळाने टोपली घेऊन एक वृद्ध वारली बाई आली. तिने पिशवीकडे पाहिले, मला ओळखून ती हसली आणि पोरांना घेऊ द्या, म्हणाली. मग वाकून उरलेली फुले वेचू लागली. भाच्याने खिशातून वीस रुपयांची नोट काढली. मी त्याला खुणेने थांबविले.

उतरताना त्याने विचारले, “मामा, जंगल सरकारचे, झाड देवाचे. मग फुले त्या आजीची कशी?”

मी त्याला २००६ सालच्या वनहक्क कायद्याविषयी सांगितले. वनात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरील हक्क त्या कायद्याने मान्य केला आहे. त्याचे समाधान झालेले दिसले नाही. मग अनुवादाच्या ग्रंथातील तेविसाव्या अध्यायाकडे वळलो. शेजाऱ्याच्या मळ्यात शिरलेल्याने पोटभर द्राक्षे खावीत, पण पात्रात भरून नेऊ नयेत, असा नियम तेथे आहे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. भूक कोठे संपते आणि संचय कोठे सुरू होतो, हे तो हाताच्या मापाने दाखवितो. ओंजळ चालेल, पिशवी नाही.

पण भाच्याचा प्रश्न याहून खोल होता आणि त्याचे शस्त्र आमच्याच शस्त्रागारातले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी खाजगी असण्यास मान्यता दिली. मात्र वस्तूंचा उपयोग सर्वांच्या हितासाठी व्हावा, गरजवंताला त्या सहज मिळाव्यात, असे बजावले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच सूत्र पुढे मांडले. सेमिनरीत आम्ही ते शिकलो आणि प्रवचनांतून कितीदा सांगितले! मात्र ते सांगताना डोळ्यांसमोर नेहमी भरलेली कोठारे असतात. या सकाळी तेच वचन न्याहारी करून आलेल्या मुलाच्या तोंडी होते, आणि समोर होती मोहाची फुले सुकवून साठवणारी म्हातारी. ‘देवाचे म्हणजे सर्वांचे’ हे वाक्य कोण कोणाला ऐकवितो, यावर त्याचा अर्थ पालटतो. उपाशी माणसाने म्हटले तर तो न्याय. पोट भरलेल्याने म्हटले तर बहुधा सबब.

तिने स्वखुशीने दिले, मग प्रश्न मिटला नाही का? तिच्या बाजूने मिटला असेल. पण तिचे औदार्य पाहून आपण आपला हक्क सिद्ध झाला असे मानू लागलो, तर दानाचीही आपण चोरीच केली. वीस रुपयांविषयी मात्र मी अजून गोंधळात आहे. तिची देणगी विकत घेतल्यासारखी होऊ नये म्हणून मी नोट अडविली, असे तेव्हा स्वतःला सांगितले. आता वाटते, पैसे दिले असते तर ती फुले तिची होती हे मला तिच्यादेखत मान्य करावे लागले असते.

मुले वसईला परतली. निघण्याच्या गडबडीत पिशवी माझ्या व्हरांड्यातच राहिली. आठवड्याने ती बाई मला बाजारात भेटली. पोरांची चौकशी केली आणि फुले नीट वाळवली ना, ओली ठेवली तर आंबतात, म्हणाली. मी हो म्हटले. पिशवीतली फुले तोवर काळी पडून आंबली होती आणि मी ती परसात टाकून दिली होती.