एका दुकानातील मौन

प्रश्न इतका लहान आहे की त्यावर लेख लिहावा का, असा संकोच मला बरेच दिवस वाटत होता. दुकानदार गिऱ्हाइकाला चुकीचा सल्ला देत आहे, तो चुकीचा आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, आणि आपण शेजारी उभे आहोत. अशा वेळी बोलावे की गप्प राहावे? दुकान औषधांचे असते तर विचार करायची वेळच आली नसती. पण ते शोभेच्या माशांचे दुकान होते, आणि मी गप्प राहिलो.

माशांचे खाद्य आणायला मी नेहमीच्या दुकानात गेलो होतो. एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तेथे आल्या होत्या. आमच्याच धर्मग्रामातल्या, रविवारी दुसऱ्या मिस्सेला दिसणाऱ्या, नमस्कारापुरती ओळख. मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस जवळ आला होता आणि भेट म्हणून त्याला घड्याळ नको, सायकल नको, मासे हवे होते. दुकानातल्या पोऱ्याने फुटबॉलएवढे काचेचे गोल भांडे पुढे केले, त्यात मूठभर निळे खडे टाकले आणि दोन गोल्डफिश सोडले. "ताई, हेच घ्या," तो म्हणाला, "टाकी नको, मशीन नको. दोन दिवसांनी सगळे पाणी फेकायचे, भांडे, खडे चकाचक धुवायचे, नळाचे ताजे पाणी भरायचे. मासा भांड्याएवढाच वाढतो, काळजी नाही."

या भाषणातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे होते. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. तळ्यात तो विरून जातो. भांड्यात साचतो आणि माशाचेच कल्ले जाळतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे मासा बऱ्याच प्रमाणात सोसू शकतो. ही वस्ती बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो, आणि दर दोन दिवसांनी खडे चकाचक धुतले तर ती कधीच बसत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन वेगळेच. आणि मासा भांड्याएवढा वाढतो हे तर अर्धसत्यही नव्हे. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर होतो. भांड्यात तो खुंटतो, आणि बहुधा खुंटण्याइतकाही जगत नाही. (फायटर नावाचा मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून बाटलीतसुद्धा काही दिवस तग धरतो. त्याच्या सोशिकपणाचे माप आपण सगळ्याच माशांना लावून मोकळे झालो आहोत.)

हे सारे मला त्या क्षणी ठाऊक होते, कारण माझे पहिले सहा मासे मी असाच सल्ला ऐकून मारले होते. तरीही मी बोललो नाही. का, याची कारणे घरी येईपर्यंत मी स्वतःला बऱ्यापैकी पटवली होती. तो पोऱ्या गरीब. मालक गल्ल्यावर बसलेला. त्याच्यादेखत मी बोललो असतो तर पोऱ्याला नंतर ऐकून घ्यावे लागले असते. बाईंनी मला विचारले नव्हते. शिवाय मी निवृत्त शिक्षक. लग्नपत्रिकेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूकसुद्धा यजमानांना दाखवल्यावाचून मला राहवत नाही, असे माझी पत्नी म्हणते, आणि तिचे म्हणणे खोटे नाही. एखाद्या दिवशी आपली ही खोड आवरली, याचे मला थोडे समाधानच वाटले.

तीन आठवड्यांनी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात त्या बाई भेटल्या. दोन्ही मासे पाचव्या दिवशी मेले होते. त्या पुन्हा दुकानात गेल्या, तेव्हा पोऱ्याने विचारले, खायला किती घातलेत? मुलाने चिमूट दाखवली. "मग बरोबर," तो म्हणाला, "जास्त खाऊन मेले." आणि त्याने आणखी दोन मासे विकले. "सर," बाई हळूच म्हणाल्या, "हा रोज रडतो. मासे मीच मारले म्हणतो. पापनिवेदनात हे सांगायचे का, असे विचारत होता."

येथे हा प्रश्न माझ्यापुरता लहान राहिला नाही. उरलेले खाद्य कुजते आणि पाणी बिघडवते, इतके त्या पोऱ्याच्या बोलण्यात खरे होते. पण त्या भांड्यात मोजून चार कण घातले असते तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता. जो दोष भांड्याचा, सल्ल्याचा आणि थोडासा माझा होता, तो नऊ वर्षांच्या मुलाने आपल्या शिरावर घेतला होता, तेही विवेकाची परीक्षा कशी करावी हे धर्मशिक्षणाच्या वर्गात तो नुकता शिकत असताना.

माझ्या एका मित्राला मी हे सांगितले, तेव्हा तो हसला. आपण वसईची माणसे, म्हणाला. सकाळी बोंबील, दुपारी पापलेट, आणि संध्याकाळी दोन गोल्डफिशसाठी लेख लिहिणार? हा आक्षेप मी थट्टेवारी नेत नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात माणसाला अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची मुभा आहे. पण त्यांना विनाकारण यातना देणे वा विनाकारण मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. (माणसांच्या दुःखनिवारणासाठी खर्चायचा पैसा प्राण्यांवर उधळू नये, हेही त्याच परिच्छेदात आहे, माझ्या टाकीचे वीजबिल भरताना मला ते आठवते.) ताटातला मासा कोणाची तरी भूक भागवतो. भांड्यातल्या त्या दोन माशांच्या गुदमरण्याने कोणाचे काय भागले? एका भांड्याच्या विक्रीचा नफा, एवढेच. पण मित्राचे एक म्हणणे मला मान्य आहे. माझ्या मनाला जे टोचत होते, ते माशांचे मरण नव्हते.

आपल्या परंपरेत आध्यात्मिक दयेची सात कृत्ये सांगितली आहेत. अज्ञान्याला शिकवणे आणि चुकणाऱ्याला सावध करणे ही त्यांतली दोन. पण त्रास सहन करणे हेही त्याच यादीत आहे, आणि भित्र्या माणसाला नेमके तेच आधी आठवते. संत थॉमस अक्वायनस यांनी बंधुभावाने दुरुस्ती करण्याच्या प्रश्नावर सुम्मा या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एक सबंध प्रकरण खर्चले आहे. दुरुस्ती हे प्रीतीचे कृत्य आहे आणि ते आज्ञेने बंधनकारक आहे, असे ते म्हणतात. मात्र हे बंधन सदासर्वकाळ, वाटेल तेथे लागू होत नाही. स्थळ, वेळ आणि परिणाम पाहावा लागतो. दुरुस्तीने समोरचा सुधारण्याऐवजी बिघडणार असेल, तर थांबणे हेही प्रीतीचेच असू शकते. पण भीतीपोटी किंवा लोकलाजेपोटी थांबणे वेगळे. घरी येताना मी स्वतःला जे पटवले, ते पहिल्या प्रकारचे होते असा माझा समज होता. आता मला तशी खात्री देता येत नाही. पोऱ्याची काळजी मला होती हे खरे. पण मालकाने माझ्याकडे वळून "सर, तुम्हीच दुकान चालवा" असे म्हटले असते, तर त्याचीही काळजी होती.

प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात बोल, मग एकदोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग. दुकानात गिऱ्हाइकासमोर बोलणे म्हणजे हा क्रम उलटा करणे, असे मी धरून चाललो होतो. त्याच प्रकरणात थॉमस यांनी यावर विचार केला आहे, हे मला नंतर वाचताना दिसले. एखाद्याची चूक केवळ त्याचेच नुकसान करणारी असेल, तर एकांत हवाच; त्याची अब्रू हीही एक ठेव आहे. पण चूक अशी असेल की तिने दुसऱ्याचे नुकसान होऊ घातले आहे, तर ते नुकसान लगेच रोखले पाहिजे. एकांतातल्या समजावणीने ते नक्की टळेल असा भरवसा असेल, तरच थांबावे. त्यांचे उदाहरण शत्रूच्या हाती शहर देऊ पाहणाऱ्या फितुराचे आहे, गोल्डफिशचे नव्हे, हे मी विसरत नाही. तरी हिशेब तोच. पोऱ्याशी एकांतात बोलायला मी थांबलो असतो, तोवर त्या बाई भांडे घेऊन रिक्षात बसल्या असत्या.

आणि पोऱ्याचे काय? विक्रेत्याने मालातला दोष सांगावा का, या प्रश्नाला थॉमस यांचे उत्तर सरळ आहे. एका डोळ्याने आंधळा घोडा विकताना त्याचा दोष उघड दिसतो, तेव्हा तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. पण दोष झाकलेला असेल आणि घेणाऱ्याला त्यामुळे तोटा किंवा धोका होणार असेल, तर सांगणे न्यायानेच बंधनकारक आहे. ते गोल भांडे मला आंधळ्या घोड्यासारखे दिसत होते. त्या बाईंना तो दोष दिसण्याची सोयच नव्हती. म्हणजे न्यायाचे बंधन दुकानावर होते, माझ्यावर नव्हते. माझ्यावर होते ते प्रीतीचे. या भेदात मी काही दिवस आरामात राहिलो, मग ते जमेनासे झाले.

अखेरीस मी दुपारच्या वेळी, मालक जेवायला गेलेला पाहून, दुकानात गेलो आणि त्या पोऱ्याशी बोललो. त्याला मासे आवडतात, हे मला तेव्हा कळले. आपल्या खोलीवर त्याने जुन्या तेलाच्या डब्यात गप्पी पाळले आहेत आणि ते जगतात, कारण डबा मोठा आहे आणि तो कधीच चकाचक धूत नाही. म्हणजे त्याला ठाऊक होते! "काका," तो म्हणाला, "टाकी घ्या, महिनाभर थांबा, मग मासे न्या असे सांगितले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. मग मालक मला विचारतो." मी त्याला अडाणी समजून क्षमा करायला गेलो होतो, आणि तो मला आपली नोकरी दाखवत होता. मी काय सांगणार? पुढल्या वेळी कोणी भांडे मागितले तर निदान एकच मासा दे, पाणी अर्धेच बदलायला सांग, नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरायला सांग, एवढे त्याने कबूल केले. मालकाशी मी अजून बोललेलो नाही. तसे बोलायचे तर पोऱ्याचे नाव न येता कसे बोलावे, हे मला सुचलेले नाही.

एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून करतो. दुकानात कोणी भांड्यासमोर उभे असेल तर मी उपदेश करीत नाही, त्यांच्यादेखत पोऱ्यालाच विचारतो, "हा मासा पुरता वाढला की केवढा होतो रे?" विचारणाऱ्याला तो खोटे सांगत नाही. अशा प्रश्नाने त्याची लाज राखली जाते आणि ऐकणाऱ्याला हवे ते ऐकू येते. ही थोडी लबाडी आहे असे माझी पत्नी म्हणते. असेल. पादुआच्या संत अंतोनींचे प्रवचन ऐकायला माणसे येईनात, तेव्हा त्यांनी ते माशांना ऐकवले आणि ते ऐकून माणसे आली, अशी आख्यायिका आहे. आडून बोलण्याची परंपरा आपल्याकडे अगदीच नवी नाही.

मुलाकडे मात्र आडून जाता येण्यासारखे नव्हते. त्या रविवारी संध्याकाळीच मी त्यांच्या घरी गेलो. ते भांडे खिडकीत होते. दुसऱ्या जोडीतला एक मासा वर येऊन तोंड उघडमीट करीत होता. मी त्याला जिवाणूंची गोष्ट सांगितली, भांडे का अपुरे पडते ते सांगितले, आणि मासे तू मारले नाहीस असे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "सर, तुम्ही दुकानात होता ना तेव्हा? तुम्हांला हे माहीत होते?" होय म्हणालो. "मग सांगितले का नाही?" त्याची आई "अरे" म्हणून त्याला गप्प करू लागली. मी म्हणालो की मला भीती वाटली, लोक काय म्हणतील याची. ते त्याला पटले असावे. त्याने पुढे काही विचारले नाही.

दोन्ही मासे मी त्याच संध्याकाळी माझ्या जुन्या टाकीत आणले. एक दुसऱ्या दिवशी गेला, एक तगला. मुलगा रविवारी मिस्सेनंतर आईबरोबर त्याला पाहायला येतो. खाद्य घालायचे काम त्याचेच. पण अजूनही तो चिमूट बोटांत धरून पाण्यावर हात नेतो, थांबतो, माझ्याकडे पाहतो, आणि मी मान हलवल्यावाचून सोडत नाही.