पूर्वेचा वारा

तांबड्या समुद्राची गोष्ट शिकवताना आम्ही मोशेच्या काठीवर भर देतो व वाऱ्याला विसरतो. निर्गमाच्या १४ व्या अध्यायात मात्र परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा वारा वाहवून समुद्र हटवला, असे आहे.

हा वारा त्या देशातील शेतकऱ्याला नकोसा. रानाकडून येऊन तो पिके करपवतो. फारोच्या स्वप्नातील कणसे त्यानेच करपली. मिसरावर टोळ त्यानेच आणले. तारणासाठी देवाने हाच वारा का घ्यावा?

इब्री भाषेत वारा, श्वास व आत्मा यांना ‘रूआह’ हा एकच शब्द आहे. तरीही होरेबावर एलीयाला सोसाट्याच्या वाऱ्यात परमेश्वर आढळला नाही. वारा सेवक आहे, धनी नव्हे. म्हणून वारा अंगावर आला की देव रुष्ट झाला, असे आम्ही म्हणू नये. मार्ग उघडणारा वाराही आधी झोंबतोच.

पण ईयोबाच्या मुलांवर घर पाडणारा वाराही रानाकडूनच आला होता. तेव्हा दुसऱ्याच्या वादळाचा अर्थ त्याला सांगण्याची घाई आम्ही का करावी? ईयोबाचे मित्र तेथेच चुकले. प्रियजनहो, रात्र सरेपर्यंत त्याच्याजवळ काठावर उभे राहणे, एवढे तरी आपल्याला करता येईल.