पदकाच्या आधी

मे २०१९ मध्ये धावपटू द्युती चंद हिने आपलं एका मुलीवर प्रेम आहे, असं जाहीर केलं. भारताकडून खेळणाऱ्या खेळाडूने समलिंगी नात्याबद्दल इतकं उघड बोलण्याची ती पहिलीच वेळ. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातलं चाका गोपालपूर हे तिचं गाव, घर विणकराचं. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतली दोन रौप्यपदकं तेव्हा तिच्या नावावर होती आणि त्याआधी ती रिओ ऑलिंपिकमध्ये धावून आली होती. घरून विरोध झाला, तोही चारचौघांत. दोन महिन्यांनी नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने शंभर मीटरची शर्यत ११.३२ सेकंदांत जिंकली आणि अभिनंदनाचा पाऊस पडला.

तिच्या धैर्याला मी मनापासून मानतो. पण एक गोष्ट तेव्हापासून मला सोडत नाही. तिला बोलता आलं, कारण बोलण्याआधी ती जिंकलेली होती. जी अजून जिंकलेली नाही, जिचं नाव तालुक्याच्या संघात कसंबसं आलं आहे, तिने काय करायचं? चंद्रपूर आणि गडचिरोलीत बसून या विषयाचा विचार करताना मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

खेळ आणि लैंगिकता यांची गाठ आपल्याकडे जुनी आहे. तालमीत लंगोट आणि ब्रह्मचर्य यांचं नातं पक्कं होतं. वासनेवर ताबा म्हणजे ताकद, असा समज. खेळांना आपण 'मर्दानी' म्हणत आलो. बाईने काय खेळावं आणि हळव्या पुरुषाने कुठे उभं राहावं, हे त्या एका विशेषणातच ठरून जायचं. या चौकटीत प्रेमाबद्दल बोलायला जागाच नव्हती, मग समलिंगी प्रेमाची गोष्ट दूरच.

बोलण्याचा पहिला प्रयत्न खेळाबाहेर झाला. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायला सुरुवात केली. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे त्यातले विषय होते. कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण महाराष्ट्रात या विषयाची बाजू कोर्टात कुणी मांडली, असं कुणी विचारलं तर बाबासाहेबांचं नाव सांगता येतं. मला त्याचा अभिमान वाटतो.

दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, आपल्या विदर्भातलं एक पथक बर्लिनला गेलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे भारतीय खेळ आणि व्यायामप्रकार दाखवले. विदर्भाच्या क्रीडा इतिहासातलं ते मानाचं पान आहे. त्याच जर्मनीने आदल्याच वर्षी समलिंगी पुरुषांविरुद्धचं कलम १७५ आणखी कडक केलं होतं आणि अशा पुरुषांना छळछावण्यांत डांबलं जात होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांची शंभर मीटर जिंकणाऱ्या अमेरिकेच्या हेलन स्टीफन्सवर ती बाई नाही असा संशय घेतला गेला आणि तिची तपासणी झाली. अमरावतीच्या तरुणांच्या कानावर यातलं काही आलं असेल का, कोण जाणे.

पुढची कित्येक दशकं क्रीडाविश्वाने प्रेमाकडे पाठ फिरवली आणि स्त्रीच्या शरीराकडे संशयाने पाहिलं. १९६६ च्या बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांसमोर विवस्त्र चालावं लागलं. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली, ती सिडनी ऑलिंपिकच्या आधी थांबली. आपल्याकडे २००६ मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं आठशे मीटरचं रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतलं. खुद्द द्युतीला २०१४ मध्ये शरीरातल्या संप्रेरकाच्या कारणाने राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळलं होतं. ती स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत लढली आणि २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. शरीराची घडण आणि प्रेमाची ओढ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तरी पारावरच्या बोलण्यात त्या एकत्रच येतात. दणकट मुलगी दिसली की दोन्ही शंका एकाच वाक्यात घेतल्या जातात. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने महिला गटासाठी पुन्हा जनुक चाचणी सक्तीची केली आहे. काळ पुढे गेला म्हणून विचारही पुढेच जातो, असं मानायचं कारण नाही.

जगात खेळाडू बोलू लागले ते बहुतांशी १९८० नंतर. टेनिसमध्ये बिली जीन किंग आणि मार्टिना नवरातिलोवा यांची नावं १९८१ मध्ये पुढे आली. जस्टिन फशानू हा इंग्लंडचा फुटबॉलपटू १९९० मध्ये बोलला. तो एकटा पडला आणि १९९८ मध्ये त्याने जीवन संपवलं. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस २०११ मध्ये बोलला. भारताच्या पुरुष संघातून खेळलेल्या एकाही क्रिकेटपटूने आजवर असं सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांत एकही समलिंगी खेळाडू झाला नसेल यावर माझा विश्वास नाही.

आपल्याकडे कायद्याने बराच काळ झोके घेतले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे सहमतीचे संबंध वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ते संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. द्युती बोलली ती २०१८ च्या निकालानंतर आठ महिन्यांनी.

त्याच २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले होते. आपल्या भागात खेळ म्हणजे काय, हे त्यावरून कळावं. गडचिरोलीत पहाटे रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतात, ती बहुतेक पोलीस भरतीसाठी. मुलींना आठशे मीटर, मुलांना सोळाशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा बल्लारपूरजवळ विसापूरला झाल्या, तेव्हा या पोरांनी देशभरचे धावपटू आपल्या मातीत पाहिले. इथे मैदान ही गरिबीतून वर जायची शिडी आहे. त्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी उभं असतं: पीटीचे सर, वसतिगृहाच्या अधीक्षिका, निवड समिती. यांतल्या एकाची नजर फिरली तर पोरीचं वर्ष जातं, कधी कधी शाळाच सुटते. गावातल्या एका खोलीत राहणाऱ्या, शहरात कुणी ओळखीचं नसलेल्या मुलीला गप्प बसण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही.

शहरातली काही माणसं मला सांगतात की आदिवासी समाज आधीपासूनच मोकळा आहे, गोटुल बघा. गोटुलवर बाहेरच्यांनी फार रंगवून लिहिलं आहे. माडिया आदिवासींच्या गावात ती तरुणांची आणि साऱ्या गावाची जागा आहे. तिचा आधार घेऊन समलिंगी प्रेमाला इथे मान्यता आहे असं म्हणणं मला खोटेपणा वाटतो.

झाडीपट्टीतली एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मला अस्वस्थ करते. दंडार या लोकनाट्यात पुरुष लुगडं नेसून नाचतो, रात्रभर गाव दाद देतं, त्याचं नाव पंचक्रोशीत होतं. त्याच गावात कबड्डीच्या मैदानावर हळू बोलणाऱ्या पोट्ट्याला 'बायल्या' म्हणून चिडवतात. त्याचं कुणावर प्रेम आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, चालीवरून ते ठरतही नाही. तरी तो दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. आपण असे किती चढाईपटू गमावले असतील, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मुंबईने एक वेगळं चित्र दाखवलं आहे. २६ मार्च २०२३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना झाला. इंग्लंडच्या नॅट सिव्हर-ब्रंटने नाबाद ६० धावा करून मुंबई इंडियन्सला जिंकून दिलं. तिने आदल्या वर्षी इंग्लंडचीच गोलंदाज कॅथरीन ब्रंटशी लग्न केलं होतं आणि दोघींनी एकमेकींची आडनावं जोडून घेतली होती. समोरच्या दिल्लीच्या संघात मारिझान काप होती, तिने २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या आपल्याच संघातल्या डेन व्हॅन निकर्कशी लग्न केलेलं. स्टेडियमभर जल्लोष झाला, कुणाला काही खटकलं नाही. २०२५ मध्ये मुंबई पुन्हा जिंकली, तेव्हा ५२३ धावा करणारी नॅटच स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. मला हे पाहून आनंद होतो. पण त्या परदेशी आहेत आणि जिंकतात. आपल्या वाडीतल्या पोरीला हाच न्याय लावायची वेळ अजून यायची आहे.

द्युतीवर पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात चार वर्षांची बंदी आली. ती तिच्या खेळाची बाब आहे, नियमाप्रमाणे शिक्षाही झाली. त्यामुळे २०१९ मधलं तिचं बोलणं उणं होत नाही. बंदी आली म्हणून प्रेमाचा हक्क जात नसेल, तर पदक नाही म्हणून तो मिळू नये, हेही चुकीचंच आहे.

अवघड विषयावर बोलायला गडचिरोलीने जगाला आधी शिकवलं आहे. मूळच्या चंद्रपूरच्या डॉ. राणी बंग यांनी डॉ. अभय बंग यांच्यासोबत इथल्या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं त्यातून दिसलं आणि १९८९ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बायकांनी कधी उच्चारलं नव्हतं ते या जिल्ह्यातून आधी जगासमोर आलं. राणीताईंची 'तारुण्यभान' शिबिरं तरुणांशी लैंगिकतेवर थेट बोलतात. म्हणजे बोलण्याची रीत इथे आहे, ती मैदानापर्यंत न्यायची आहे.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा कार्यालयांना माझी विनंती आहे. शालेय स्पर्धांच्या आधी क्रीडाशिक्षकांची बैठक होतेच, त्यात एक तास या विषयाला द्या. आणि पीटीच्या सरांना, अधीक्षिकांना थेट सांगणं आहे: एखाद्या मुलीने किंवा मुलाने विश्वासाने काही सांगितलं तर त्याला विचारल्याशिवाय घरी कळवू नका. बरं करायला म्हणून पुजाऱ्याकडे किंवा डॉक्टरकडे नेऊ नका; असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे. आणि संघाच्या यादीतून त्या पोराचं नाव कापू नका.