दुखणाइताचा संसार

दीर्घकाळच्या व्याधीचा विचार करताना आपण वैद्य, औषध आणि रोगी या तिघांचाच हिशेब मांडतो. ज्या घरात ती व्याधी वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहते, त्या घराची नोंद कोणत्याच दप्तरी होत नाही. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले आणि पुढे त्यांचेच नाव लागलेल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. स्ट्रेप्टोमायसिनपूर्व काळात अशा ठिकाणी रोगी महिनेच्या महिने राही, म्हणजे संसाराचा पेच रोग्यालाच संसारातून उचलून तात्पुरता सोडवला जाई. दमा आणि मधुमेह यांना ही सोय नाही. त्यांचा मुक्काम माजघरात आणि स्वयंपाकघरात.

कऱ्हाडजवळच्या टेंभूत 1856 साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर दम्याने जर्जर असतानाच ‘सुधारक’ चालवीत होते, 1892 पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळीत होते, आणि 17 जून 1895 रोजी, चाळिशीही न गाठता, गेले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे पुडीत बांधून त्यांनी उशाशी ठेवले होते, ही सर्वश्रुत हकीकत आपण निःस्पृहतेचा दाखला म्हणून सांगत आलो. मला तीत निराळेच काही दिसते. आपल्या दुखण्याचा बोजा पत्नी यशोदाबाईंवर किती पडला, याची बाकी त्या तर्ककठोर गृहस्थाने मनोमन काढली असावी, आणि निदान शेवटची रक्कम तरी तिच्या खाती पडू नये अशी तजवीज केली असावी. दम्याची उबळ बहुधा रात्री नाहीतर पहाटे येते. अशा वेळी पाठीशी उशा रचणारे, पाणी ऊन करणारे हात कोणाचे, हे सांगावयास चरित्रकार लागत नाही.

परंतु दुखणे यशोदाबाईंचे असते तर? प्रश्न आगरकरी वळणाचा आहे, आणि त्याचे उत्तर आज वाळवा-कऱ्हाडच्या ऊसपट्ट्यातल्या कोणत्याही घरी मिळेल. घरधन्याला ‘शुगर’ निघाली की चहातली साखर जाते, भात आटतो, साताऱ्याहून आलेले कंदी पेढे परस्पर शेजारी पोहोचतात. सारे घर पथ्यावर येते. गृहिणीला निघाली तर पथ्य तिचे एकटीचे. जेवणापूर्वीचे इन्सुलिन टोचून घेऊन ती परातीपुढे बसते, एकेक भाकरी थापून तव्यावर टाकते, आधी पोरांना, मग सासऱ्यांना, मग शेतावरून आलेल्यांना वाढते. औषध आपल्या वेळेवर काम करीत राहते, पोटात मात्र घास नाही. हाताला कंप सुटतो, कपाळ घामाने डबडबते, आणि ओट्याला धरून ती साखरेची चिमूट तोंडात टाकते. घरच्यांना हे ठाऊकही नसते, कारण सांगायची तिला सवय नाही आणि विचारायची त्यांना. याला आपण तिचा सोशिकपणा म्हणतो; माझ्या मते ही घराची बेपर्वाई आहे, आणि सोशिकपणाचे कौतुक हे त्या बेपर्वाईवरचे सोयीस्कर पांघरूण आहे.

यंदा फराळाची ताटे मांडताना, वाचकहो, आपल्या घरातल्या अशा बाईला इन्सुलिनची वेळ विचारा, आणि त्या वेळेची भाकरी दुसऱ्या कोणीतरी थापा.