पेरणीआधीचा उन्हाळा

यवतमाळचा मे महिना कुणाला समजावून सांगायला नको. पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वखरून ठेवलेल्या काळ्या रानात भर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. या उन्हाचं आपण कौतुकही करतो. जमीन चांगली तापली की किडींचे कोष मरतात, तणाचा जोर मोडतो. खरं आहे ते. पण त्याच दुपारी घराच्या मागच्या खोलीत, टिनाच्या पत्र्याखाली, सोयाबीनच्या बियाण्याची पोती थप्पी लावून ठेवलेली असतात. रान तापलेलं दिसतं, त्या पोत्यांकडे कुणाचं लक्ष नसतं.

पोत्यातलं बी जिवंत आहे. फार हळू का होईना, ते श्वास घेतं. उष्णता वाढली की तो श्वासही वाढतो आणि कोंबासाठी राखलेली पुंजी बसल्या जागी खर्च होते. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे: साठवणीतलं तापमान साधारण ५ अंशांनी वाढलं की बियाण्याचं आयुष्य निम्मं होतं, आणि ओलावा एका टक्क्यानं वाढला तरी निम्मं होतं. आता हिशेब करून बघा. दिवाळीनंतर खोलीत २५ अंश आणि मे महिन्यात ४० धरले, तर मेमधल्या एका दिवसात बी जवळपास आठ दिवसांनी म्हातारं होतं. बाहेरून दाणा तसाच पिवळा, टपोरा दिसतो.

त्यात सोयाबीन मुळातच नाजूक. दाण्यात साधारण २० टक्के तेल, ४० टक्के प्रथिनं, वरचं टरफल पातळ आणि मुळाचं टोक त्या टरफलाच्या अगदी लगत. पोतं खांद्यावरून धाडकन टाकलं तरी आत इजा होते. बी जपण्याचं आपलं घरोघरचं शहाणपण ज्वारी-तुरीवर घडलेलं आहे. कणगीत भरा, वरून कडुनिंबाचा पाला घाला, मधूनच उन्हं दाखवा. ज्वारीला हे सगळं मानवतं. सोयाबीनला सिमेंटच्या ओट्यावरचं कडक ऊन सोसत नाही. गेल्या काही दशकांत हे पीक ज्वारीच्या जागी बसलं, पण त्याला ठेवायचं कसं हे मात्र आपण ज्वारीलाच विचारत राहिलो.

मग मृग लागतो, पहिला पाऊस पडतो, आणि तिफण नाहीतर ट्रॅक्टर जुंपायची घाई सुटते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तो आकडा आपण पाण्याचा समजतो. माझ्या मते तो निम्मा उष्णतेचा आहे. सोयाबीनला २५ ते ३० अंशांची, वाफशातली जमीन मिळाली की चार-सहा दिवसांत रान हिरवं होतं. पण एका सरीनं वरची दोन बोटं माती भिजते, खालची धग तशीच राहते. या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी लागतं. थोडं पिऊन तो फुगतो, दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, मातीचा तो थर सुकतो, आणि जागा झालेला दाणा पुन्हा झोपू शकत नाही. तो मरतो. ज्याच्यात जोम आहे तो निघतोही, पण सोयाबीनचा कोंब मान वाकवून वर येतो आणि दोन्ही दलं मागून ओढत आणतो. वर ऊन खाऊन माती घट्ट बसली असेल, तर ती मान तिथंच मोडते. ओळ उकरून पाहिली की आडवे, जाड झालेले पांढरे कोंब सापडतात. याला ‘उगवलं नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. ते उगवलं होतं.

थंडीचाही हाच नियम, उलट्या बाजूनं. बियाण्यासाठी म्हणून हल्ली काही शेतकरी उन्हाळी सोयाबीन घेतात. जानेवारीत थंडी धरून असली, तर पाच-सहा दिवसांत येणारं रोप दहा-बारा दिवस घेतं. माणूस धीर सोडून ओळी उकरायला लागतो. त्या बियाण्याचा मोठा गुण म्हणजे ते उन्हाळ्यात तयार होतं आणि लगेच जूनमध्ये पेरलं जातं. कोठीतले सात-आठ महिने वाचतात. दाणा मात्र भरताना ऊन खातो आणि बारीक राहतो. काहीतरी द्यावंच लागतं.

२०२० च्या जून-जुलैत विदर्भ-मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस लागला होता. शेंगेत भिजून पुन्हा वाळलेलं बी उन्हाळ्याच्या दाराशी आधीच दमून पोचलं होतं. भांडण कंपनी आणि शेतकरी यांच्यात झालं. ज्यांनी खोटा माल विकला त्यांना सोडावं, असं मी म्हणत नाही. पण मधला उन्हाळा बी कुठं, कशाखाली होतं, हा प्रश्न दोघांनाही विचारायला हवा होता.

पिशवीच्या टॅगवर चाचणीची तारीख असते. ती मार्चची असेल, तर एप्रिल-मे त्या आकड्यात धरलेले नाहीत. म्हणून घरचं असो की विकतचं, जून लागण्याआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर रांगेत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, वरून पाणी शिंपडत राहावं. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो पुरे. साठ निघाले तर ३५ लागतील. नुसते मोजू नका, बघाही. कोंब एकसारखे, ठसठशीत आहेत, की निम्मे किडकिडीत आणि मागे पडलेले? गोणपाटाला सावली असते, रानाला नसते. असे मागे पडलेले दाणे मी तरी उगवले म्हणून धरत नाही.